जर्मनच्या डब्यातली किल्ली

९ मार्च, रविवार

ही डायरी शेजारच्या सुभाषचंदांच्या दुकानाची. दरवर्षी ते देतात आणि दरवर्षी हेमलता तिच्यात वर्तमानपत्रातल्या पाककृती चिकटवते. यंदा मी आधी हात मारला. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, लाइनमध्ये फॉल्ट आला की रजिस्टरला नोंद, हीच सवय. आता फॉल्ट माझ्या गाडीत आहे.

गाडी दिवाळीत घेतली. हिला किल्ली घालून फिरवायची भानगड नाही. किल्ली नुसती खिशात असली की दाराच्या मुठीला हात लावताच दार उघडतं, क्लच दाबून बटण दाबलं की इंजिन सुरू. दर रविवारी आम्ही जळगावच्या पिंप्राळ्याहून धुळ्याला लेकीकडे जातो. या वयात कुणापुढे हात न पसरता, कुणाची वाट न पाहता शंभर किलोमीटर जायचं, याचं सुख मला शब्दांत सांगता येत नाही.

तर आज सकाळी बसलो आणि गुडघे स्टीअरिंगला टेकले. सीट पुढे सरकलेली. आतला आरसाही खाली वळलेला.

"तू बसली होतीस का इथे?" मी हेमलताला विचारलं.

"तुमचं पोट सुटलंय," ती म्हणाली. "सीट काय करेल बिचारी."

गाडी आली त्या आठवड्यात ती म्हणाली होती, मलाही शिकवा. मी म्हटलं, तुला कशाला, मी आहे ना. त्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे तिचा प्रश्न तेव्हाच मिटला.

परतताना एरंडोलच्या पुढे दिवे लागले. हल्ली मला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, आत निळसर, बाहेर तांबूस. हायवेवरचा प्रत्येक दिवा जणू आरतीत ठेवलेला. वय झालं की जग इतकं देखणं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

सुभाषचंदांनी आज ओट्यावर बसून भलतीच गोष्ट सांगितली. त्यांच्या साडूंची अशीच बिनकिल्लीची गाडी दारातून गेली. काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही. दोन माणसं आली. एक पिशवी घेऊन घराच्या भिंतीला खेटून उभा राहिला, दुसरा गाडीपाशी. दोन मिनिटांत गाडी सुरू, गल्लीबाहेर पसार.

ते घाबरले होते, मला मात्र सगळं लख्ख समजलं. गाडी सारखी हलक्या आवाजात विचारत असते, आहेस का? किल्ली जवळ असली तर म्हणते, आहे. की दार उघडलं. चोर दुसरं काहीच करत नाही, दोघांचं बोलणं नुसतं लांबवतो. पिशवीतलं यंत्र घरातल्या किल्लीचं "आहे" ऐकतं आणि गाडीपर्यंत पोचवतं. मी आयुष्यभर तेच केलं. दोंडाईचाच्या बाईचा आवाज सुरतेच्या नवऱ्यापर्यंत पोचवला. चोर म्हणजे आमच्याच खात्यातला बिघडलेला माणूस म्हणायचा.

दुपारी कूलरसमोर पडलो तरी डोळ्यांसमोर त्या लहरीच येत होत्या. भिंतीतून जातात, कुडातून जातात, झोपलेल्या माणसातून जातात. घर नुसतं "आहेस का, आहे" या कुजबुजीनं भरलेलं. फार छान झोप लागली.

१८ मार्च, मंगळवार

चूक सापडली. चूक माझीच.

धुळ्याहून आलो की किल्ली मी देव्हाऱ्यात एकवीरामातेच्या तसबिरीपुढे ठेवतो. वाहनाची किल्ली देवीपाशी, ही आमच्या घरची रीत. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, सायकलची किल्लीही तिथेच असायची. पण आमचा देव्हारा आहे पुढच्या खोलीच्या भिंतीत, आणि त्याच भिंतीपलीकडे गाडी उभी. मधे नऊ इंचांची वीट. चोराला यंत्रही लागायचं नाही. देवीची क्षमा मागून किल्ली उचलली.

लहर अडवायची तर चारी बाजूंनी धातू पाहिजे. हेमलताचे डबे एकेक करून बाहेर काढले. किल्ली डब्यात ठेवायची, डबा घेऊन गाडीपाशी जायचं, मूठ ओढायची. स्टीलचा साखरेचा डबा, दार उघडलं. पितळी डबा, दार उघडलं. मग फळीवरचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा घेतला. तिच्या आईनं शिरपूरहून लग्नात दिलेला, झाकण असं घट्ट की उघडताना गुडघ्यात धरावा लागतो. मूठ ओढली. गाडी ढिम्म. दहादा ओढली, दहादा ढिम्म. मला इतका आनंद झाला की तिथेच अंगणात हसलो.

आता किल्ली त्या डब्यात, डबा वरच्या फळीवर पापडांच्या डब्यामागे. हेमलताला सांगितलेलं नाही. कोणता चोर स्वयंपाकघरात शिरून पापडांच्या मागे शोधणार?

ती भाजी घेऊन आली आणि फळीकडे बघून म्हणाली, "माझ्या डब्यांना कुणी हात लावला?" मी म्हटलं, साखर बघत होतो. मग तिनं तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. बँकेत लागते म्हणे.

२५ मार्च, मंगळवार

रविवारी रात्री गाडी लावताना किलोमीटरचा आकडा मुद्दाम लिहून ठेवला होता. आज पाहतो तर सहा किलोमीटर जास्त.

सहा! म्हणजे कुणीतरी गाडी नेली, फिरवली आणि आणून जागेवर लावली. सराव करताहेत. एक दिवस नेतील ती आणणार नाहीत. शिवाय स्टीअरिंगवर बारीक पांढरी पावडर. बोटांचे ठसे मिटवायला वापरली असावी. रुमालानं पुसून घेतली.

"आकडा नीट दिसला नसेल तुम्हाला," हेमलता म्हणाली.

"मला दूरचं, जवळचं सगळं स्वच्छ दिसतं."

"काल चहात मीठ टाकलंत."

डबे एकसारखे ठेवते आणि वर मला बोलते.

४ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा सात किलोमीटर. बुधवारी पाच. दोन्ही वेळा दुपारी, दीड ते चारच्या मधे. म्हणजे चोराला माझी झोपेची वेळ ठाऊक आहे. या उन्हात पिंप्राळ्यात कुत्रंही रस्त्यावर नसतं, आणि आमच्या कूलरच्या आवाजापुढे आगगाडी गेली तरी कळायचं नाही. चोर हुशार आहे, मानलं पाहिजे.

सुभाषचंदांच्या दारावर कॅमेरा आहे. चित्रण बघायला गेलो तर ते म्हणाले, भाऊ, कॅमेरा महिनाभर बंद पडलाय. त्यांची सून प्रियल तिथेच उभी होती, तिला अचानक ठसका लागला. चांगली मुलगी आहे. हल्ली रोज दुपारी हेमलताकडे उडदाचे पापड शिकायला येते. तिच्या सासूबाईंना, सज्जनबाईंना, मारवाडी पापड उत्तम येतात, तरी हिला आमचे शिकायचेत. पण त्यापायी हेमलताची डावी पोटरी फार दुखते. लाटणं हातात आणि दुखते पोटरी. बायकांच्या शरीराची वायरिंगच वेगळी.

दुपारी आबा स्वप्नात आले. उतारवयात त्यांचे डोळे गेले होते. दोंडाईचाला घराच्या ओट्यावर बसून असायचे आणि पाऊल वाजलं की आमच्या अहिराणीत विचारायचे, "कोन शे?", कोण आहे? मी शाळेतून यायचो आणि मुद्दाम श्वास रोखून उभा राहायचो. ते हवेत हात फिरवायचे, "कोन शे? भाईदास, तू शे का रे?" मला तेव्हा मजा वाटायची. स्वप्नातही मी तसाच गप्प उभा होतो. उठलो तेव्हा कपाळ ठणकत होतं आणि उशी ओली होती. आज त्रेसष्टाव्या वर्षी मला त्या गोष्टीची फार लाज वाटते.

१० एप्रिल, गुरुवार

फाटकातून गाडी आत घेताना डाव्या बाजूचा आरसा खांबाला घासला. खांब नेहमीच्या जागी नव्हता, असं वाटलं. हेमलतानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पदरानं ओरखडा पुसला आणि खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार

हेमलता सकाळीच प्रियलबरोबर देवळात गेली ती दुपारी आली. येताना पेढे घेऊन आली. कसले विचारलं तर म्हणाली, प्रसाद. आणि दिवसभर गुणगुणत होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं खूश फार कमी पाहिलंय. कोणता देव, विचारायचं राहून गेलं.

गाडी परवा अकरा किलोमीटर फिरून आली. इतकं मात्र कबूल करायला हवं की चोर पूर्वीपेक्षा गाडी सरळ लावतो.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

अक्षय तृतीयेचा सण, म्हणून लेक ललिता माहेरपणाला आली. नात अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर दिवसभर होती. मी खाटेवर पडून बघत होतो. झोका उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. मधेच ती डाव्या बाजूला जाऊन नाहीशी व्हायची आणि पुन्हा उगवायची. मला वाटलं, सगळं आयुष्य असंच झोक्यावर गेलं तर काय वाईट.

जेवताना ललिता म्हणाली, "बाबा, डोळे दाखवून घ्या एकदा. धुळ्यात चांगला दवाखाना आहे."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मी पुरणपोळीत लक्ष घातलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. आबांना डॉक्टरकडे नेलं त्या दिवसापर्यंत ते "जरा अंधुक दिसतं" एवढंच म्हणत. परत आले ते आंधळे म्हणून. आणि माझ्यापासून गाडी काढून घेतली तर माझ्याकडे राहतं काय? ओटा.

२ मे, शुक्रवार

काम फत्ते. आकाशवाणी चौकातल्या गल्लीत छगन म्हणून गाड्यांची वायरिंग करणारा आहे. त्याच्याकडून चोरखटका बसवून घेतला. खटका बंद असला की किल्ली असो, यंत्र असो, बटण दाबून बोट झिजलं तरी इंजिन फिरणार नाही.

छगन म्हणाला, "काका, लोक डॅशबोर्डखाली लावतात, चोर पहिले तिथेच हात घालतो." मग जागा मी सुचवली. डाव्या बाजूच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या गालिच्याखाली. तिथे दर रविवारी हेमलताचे पाय असतात. कुणाच्या बापाला शोधता यायचं नाही. उतरताना मी बूट बांधल्यासारखं करून वाकतो आणि दाबतो.

हे गुपित छगन आणि मी. हिलाही नाही सांगितलं. बायका बोलता बोलता बोलून जातात.

११ मे, रविवार

आमच्या रविवारच्या फेऱ्या सोडता नऊ दिवसांत एक किलोमीटरही वाढला नाही. चोर हरला.

पण घरात आनंद नाही. प्रियलचे पापड बंद झाले. हेमलता दुपारी नुसती खिडकीशी बसते. काल जेवताना सहज विचारल्यासारखं म्हणाली, "समजा एखाद्या वेळी तुम्हाला बरं नसलं, आणि गाडी काढायचीच झाली, तर?"

"मी आहे ना," म्हटलं.

तिनं ताट तसंच उचललं. काय चुकलं, कळेना.

संध्याकाळी दिवे लागले की आता धुकं पडल्यासारखं होतं. मे महिन्यात, जळगावात, धुकं. त्यातून तिचा चेहरा लग्नातल्यासारखा मऊ दिसतो. कपाळ मात्र फुटायला येतं.

२३ मे, शुक्रवार. धुळे

अक्षर मोठं आलंय, ओळी एकमेकींवर चढल्यात. डॉक्टर म्हणतात थोडं लिहा. पण हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

रविवारी निघायला उशीर झाला. पारोळ्याच्या पुढे दिवस मावळतीला आला तेव्हा चहाला थांबलो. हेमलता उतरली, मी वाकून खटका बंद केला. टपरीवाल्यानं दिवा लावला. त्याच्याभोवती एक नाही, तीन कडी. मी बघतच राहिलो. आणि मग डाव्या डोळ्यात कुणीतरी दाभण घातल्यासारखी कळ आली. खाली बसलो, ओकारी झाली. डोळा उघडला तर नुसतं दूध.

"डोळा दगडासारखा झालाय," हेमलताचा आवाज. तिनं पापणीवर बोट ठेवलं होतं. "उठा. धुळ्याला जायचं. आत्ता."

"गाडी कोण..."

"उठा म्हटलं ना."

तिनं मला डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. माझ्या खिशातून किल्ली घेतली. मग उजवीकडचं दार वाजलं. सीट पुढे सरकल्याचा आवाज आला. आरसा वळल्याचा आवाज आला. क्लच दाबला गेला, बटणाचा टुक झाला. दुखण्याच्या त्या आगीतही मला एकदम सगळं दिसलं. दोन महिने मी ज्याच्या मागावर होतो तो चोर माझ्या शेजारी बसला होता.

टुक. टुक. इंजिन फिरलं नाही.

"तुमचा तो खटका कुठे आहे?" ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक खटका आहे?"

"सोळा दिवस बटण दाबतेय मी. सांगा ना हो."

मी गप्प. देवा शप्पथ लिहितो, तेवढ्या वेदनेतही मी गप्प राहिलो. सांगितलं की संपलं असं वाटत होतं. मी डाव्या सीटवरचा माणूस होणार, पाऊल वाजलं की विचारणारा. ती अंधारात माझ्याकडे हात करून चाचपत होती, माझा खांदा, माझं मनगट. "अहो," ती म्हणाली, "शे का?"

चाळीस वर्षांत ती माझ्याशी अहिराणी चिडवायलाच बोलते. त्या वेळी चिडवत नव्हती. श्वास रोखून उभं राहण्याचं माझं वय नव्हतं.

"शे," मी म्हटलं. खटका माझ्याच पायाखाली होता. अंगठ्यानं दाबला. तिनं बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली.

रस्त्यात मी डोळे मिटून पडलो होतो. ती गिअर हलक्या हातानं बदलते. ट्रक आला की "ये बाबा, तू जा आधी" असं पुटपुटते. मला विचारायचं होतं खूप, पण एवढंच विचारलं, "किल्ली मिळायची कशी तुला?"

"माझ्याच डब्यात ठेवता आणि मला विचारता. मी रोज त्या डब्यात बडीशेप बघते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर किल्ली गळ्यात बांधून झोपला असतात." तिनं एक ट्रक पुढे जाऊ दिला. मग म्हणाली, "आणि का शिकतेय, तेही सांगावं लागलं असतं."

पर्समधून एक गुळगुळीत कार्ड काढून तिनं माझ्या हातात दिलं. मी त्यावर बोट फिरवत राहिलो. धुळ्याला ललिता दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, रात्र काढली असती तर हा डोळा सकाळी उरला नसता. लेझरनं बारीक भोक पाडलं. ती रंगीत कडी म्हणजे डोळ्याची तक्रार होती म्हणे. मी तिला आरास समजत होतो.

आज पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय वाचलं असेल तर ते कार्ड, तिचं लायसन्स. हेमलता भाईदास पाटील. तारीख चोवीस एप्रिल. पेढ्यांचा दिवस.

८ जून, रविवार

डोळा वाचला. डाव्या कडेचं गेलं ते मात्र परत येणार नाही. झोक्यावरची नात तिकडेच नाहीशी होत होती. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही. मी दवाखान्यातून बाहेर येऊन जिन्यात बसून रडलो. हेमलता शेजारी बसली, रडू नका म्हणाली नाही.

सुभाषचंदांचा कॅमेरा आपोआप दुरुस्त झालाय. प्रियलला मी म्हटलं, गुरुजी, पापड काय म्हणतात? ती पळाली.

छगनला बोलावून खटका काढून टाकू, असं मी काल म्हटलं. हेमलता म्हणाली, राहू दे, चोर काही सगळे संपले नाहीत. म्हणून किल्ली अजून जर्मनच्या डब्यात आहे. झाकण ती उघडते, माझ्यानं उघडत नाही. खटका गालिच्याखाली, माझ्या पायाशी. आमची गाडी सुरू करायला आता दोन माणसं लागतात.

आज सकाळी धुळ्याला निघालो. तिनं सीट पुढे घेतली, आरसा वळवला, क्लच दाबला आणि बटणावर बोट ठेवून थांबली.

"शे का?"

"शे," मी म्हटलं आणि अंगठा दाबला.

गाडी सुरू झाली.